जुन्या घराचे सुटे भाग

बोर्ड दारावर रंगवलेला होता. दुकानाच्या दारावर नव्हे हां, एक सुटं दार होतं, फणसाच्या लाकडाचं, दोन चिऱ्यांना टेकवून रस्त्याच्या कडेला उभं केलेलं, आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं, 'जुन्या घराचे सुटे भाग मिळतील'. खाली बारीक अक्षरात, 'फोटोला हात लावू नये'. आमचे ड्रायव्हरदादा साताऱ्याचे, त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, साहेब, गाडीचे पण मिळतात का विचारा, मागच्या चाकातनं आवाज येतोय.

गाडी म्हणजे कॅम्परव्हॅन. एका टेम्पो ट्रॅव्हलरची सीटं काढून आत दोन बेड, दोन बर्नरची शेगडी, एक खेळण्यातला वाटावा असा सिंक, नव्वद लिटरची पाण्याची टाकी आणि एक टॉयलेट, ज्याच्याबद्दल स्वतंत्र लेख होईल पण मी तो लिहिणार नाही. पुण्यातून भाड्याने घेतलेली, दिवसाचे ८००० आणि डिझेल वेगळं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन टुरिझमची पॉलिसी आणली तेव्हापासून बायकोच्या डोक्यात हे होतं, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोकणातल्या रूमचे रेट बघून माझ्याही डोक्यात शिरलं. निदान मी सगळ्यांना कारण तरी तेच सांगितलं होतं. खरं कारण पुढे येईल.

कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, नांदगाव तिठा आणि मग देवगडचा रस्ता. घाटापर्यंत गाडी राजासारखी आली. तिठा सोडला आणि तिची उंची आम्हाला कळायला लागली. कोकणातले गावातले रस्ते मुळात बैलगाडीला आणि फार तर एसटीला डोक्यात ठेवून झालेले, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, वरून आंब्याच्या फांद्या, फांद्यांच्या मधून केबलवाल्याची वायर, आणि समोरून एसटी आली की एसटीच्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर असा भाव की बाबा तू कोण आहेस मला माहीत नाही पण मागे तूच जाणारेस. आम्ही मागे जायचो. तीन दिवसांत आम्ही पुढे जितके गेलो साधारण तितकेच मागे गेलो असू. मुलगी मागच्या खिडकीतून "येऊ दे, येऊ दे" ओरडायची, ती अकरा वर्षांची आहे आणि तिच्या आयुष्यातली ही पहिली नोकरी.

पहिली रात्र विजयदुर्गात काढली. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, त्यावर उभं राहून एका कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपला त्यांचे सर सांगत होते की १८६८ साली लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला. मी गप्प बसलो, पण इथे सांगतो, १८६८ च्या सूर्यग्रहणाला लॉकियर इथे नव्हताच, तो विजयदुर्गला आला जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. ओटे खरे, साहेब खरा, ग्रहण पण खरं, फक्त तीस वर्षांची सरमिसळ. बायको म्हणाली तू कशाला उगाच सगळ्यांच्या आनंदात मीठ घालतोस. बरं.

तर दुसऱ्या दिवशी पडेल कँटीन नावाचा नाका ओलांडून जामसंड्याच्या दिशेने येताना हा बोर्ड. नेमकं कुठे ते सांगत नाही, कारण दुकानदारकाकांनी सांगितलं होतं की फेसबुकवर टाकू नका, गर्दी झाली की वही लिहायला वेळ मिळत नाही. वहीचं पण पुढे येईल.

दुकान म्हणजे एक लांब मांगर, म्हणजे कौलारू शेड, त्याच्यापुढे मोठं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यात दारं. चाळीसेक तरी असतील. सगळी उभी, एकमेकांना टेकून, काही चौकटीसकट, काही नुसती, कुणाला पितळी कड्या, कुणाला आगळीची खोबण, एकावर खडूने काढलेल्या मार्कांच्या उभ्या रेघा, कदाचित दूधवाल्याच्या. खळ्यातून चालताना आपण सारखे कुणाच्या तरी घरात शिरतोय आणि पलीकडे खळंच आहे असं होत होतं. मुलगी प्रत्येक दारावर टकटक करून "कोण आहे का" विचारत गेली.

आत मांगरात कौलं. मंगलोरी कौलांच्या थप्प्या, गावानुसार लावलेल्या. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं हे मला लहानपणापासून माहीत होतं, माळ्यावर झोपलं की डोक्यावर तेच वाचत पडायचं, पण ही कौलं मुळात एका जर्मन-स्विस मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात सुरू केलेल्या कारखान्याची कल्पना, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने होड्या-मचव्यांत भरून ती वर कोकणात येत गेली, हे मोठेपणी कळलं. त्याच्या आधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं होती. काकांकडे तीही होती, एका कोपऱ्यात, पंधरावीस. "तां इकूचा नाय," काका पाठीमागून म्हणाले. "तां बघूचा."

काका साधारण सत्तरचे, अंगात बनियन, कमरेला पंचा, खिशातला मोबाईल मात्र माझ्यापेक्षा भारी. पूर्वी सुतारकाम करायचे. हायवेचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा रस्त्यात जाणारी घरं मोडायला माणसं लागायची, हे आणि दोन भाचे जायचे. मोबदल्याचे पैसे घरवाल्यांना आणि मोडलेलं लाकूड पडून. जळणाच्या भावात जात होतं. साग, किंजळ, शिवण, सत्तर-ऐंशी वर्षं पाऊस खाऊन मुरलेलं लाकूड चुलीत घालायचं म्हणजे पाप, म्हणून यांनी पहिल्यांदा दोन दारं आणली. मग खिडक्या. मग हायवेचं इकडचं काम सरलं पण घरं मोडायची थांबली नाहीत, कारण आता घरवाले स्वतःच मोडायला लागले होते. कुणाला स्लॅबचं हवं होतं, कुणाला नुसती जागा.

"खंयसून इलात?"

पुण्याहून, म्हटलं.

"तां गाडयेच्या नंबरावरून कळला. गाव खयचा?"

आता हा प्रश्न कोकणात कुणीही कुणालाही विचारतो, त्यात विशेष काही नाही. मी गावाचं नाव सांगितलं, इथून गाडीने अर्धा तास. वाडी सांगितली. आडनाव सांगितलं. काकांचा चेहरा एकदम सैल झाला, मगे तुमी आमचेच, आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, जो यायचाच होता, की मग गावात घर असताना गाडीत कशाला झोपता?

घर विकलं, म्हटलं. २०१७ ला.

"हां," काका म्हणाले, आणि वही आणायला आत गेले.

वहीचं असं आहे. काकांच्या दुकानात येणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहिलेली असते. लांबट, लाल कापडाची, किराणावाल्याकडे असते तशी खतावणी. गाव, वाडी, घराला लोक काय म्हणायचे ते नाव (वरचं घर, पिंपळाकडचं, मास्तरांचं), घर कधी मोडलं, काय काय आणलं आणि मग विकलं गेलं तर कुठे गेलं. वस्तू घ्यायची तर आधी तिची हकीकत ऐकावी लागते, त्यात सूट नाही. आमच्या समोरच कोल्हापूरचं एक जोडपं आलं, कॅफेसाठी खिडक्या हव्या होत्या, सहा, एकसारख्या. काकांनी त्यांना एकेका खिडकीची गोष्ट सांगायला घेतली, ह्यी नारिंग्र्यातली, तीन भावांचा घर, थोरलो मुंबैक, मधलो बडोद्याक, धाकटो हंयच होतो, तो गेलो. तिसऱ्या खिडकीला त्या माणसाने घड्याळ बघितलं. चौथीला काकांनी वही मिटली आणि सांगितलं की सहा एकसारख्या माझ्याकडे नाहीत, फॅक्टरीत बघा. होत्या. मला दिसत होत्या. मी काही बोललो नाही.

धंदा म्हणून हे बावळटपणाचं आहे असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते बायकोला कानात सांगितलंही. ती म्हणाली, तुला दुकान समजलंच नाहीये.

मांगराच्या मागच्या भिंतीवर फोटो. हात न लावायचे ते हे. पन्नासएक पूर्वज. पागोटं घातलेले, काळी टोपी घातलेले, नऊवारीतल्या बायका, मांडीवर बाळ घेतलेल्या आणि त्या बाळाकडे न बघता सरळ आपल्याकडे बघणाऱ्या, फ्रेमच्या काचेवर सुकलेलं गंध. घर मोडताना लोक पितळ नेतात, देव नेतात, समया नेतात, पण चौथ्या पिढीपलीकडचा फोटो कुणी नेत नाही, कारण हा नक्की कोण हे सांगणारं माणूस उरलेलं नसतं आणि फेकायला हात धजत नाही. मग ते काकांना म्हणतात, तुमीच ठेवा.

"इकणंय नाय," काका म्हणाले, "भाड्यान देतंय."

मला वाटलं चेष्टा करतायत. तसं नव्हतं. सिरियलवाले येतात शूटिंगला, त्यांना वाड्यात लावायला आजोबा-पणजोबा लागतात. आणि नवीन होमस्टेवाले, ज्यांनी गेल्या वर्षी बांधलेल्या घराला जुनं दाखवायचं असतं, ते सीझनपुरते घेऊन जातात. मे महिन्यात अर्धी भिंत रिकामी असते म्हणे. एक आजी मात्र दोनदा परत आलीये, कारण गेस्ट म्हणाले रात्री पाणी प्यायला उठलं की तिची भीती वाटते. मुलीने विचारलं कुठली, काकांनी दाखवली. खरंच करारी बाई. नाकात भली मोठी नथ आणि ओठ असे मिटलेले की फोटोग्राफरला आत्ताच काहीतरी सुनावून झालंय. मुलगी म्हणाली मला हीच पाहिजे. मिळत नाही म्हटल्यावर ती फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि नंतर मला म्हणाली, बाबा, आपले पण असे कुणाकडे भाड्याने असतील?

आपल्याकडचे एका आत्याकडे आहेत, म्हटलं. बहुतेक.

आता ते खरं कारण. आमचं घर मोडलं नव्हतं. आजी गेल्यावर ते तीन वर्षं बंद होतं, सातबाऱ्यावर २३ नावं, त्यातली चार माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि दोन नावं मेलेल्यांची. गिऱ्हाईक आलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. माझ्या वाट्याला जे आलं ते आमच्या पहिल्या कारच्या डाउन पेमेंटमध्ये गेलं, म्हणजे तसं बघितलं तर आमच्या घराचं चाकावरचं रूपांतर मी आधीच एकदा केलेलं होतं. घेणाऱ्याने ते घर पाडलं नाही. नीट केलं, संडास आत आणला, ओटीवर वेताच्या खुर्च्या टाकल्या आणि 'निवास व न्याहारी'चा बोर्ड लावला. ते आता अ‍ॅपवर दिसतं. ३५०० रुपये रात्र, डिसेंबरमध्ये ५०००. फोटोत पहिलाच फोटो माजघराचा आहे, जिथे आजी तांदूळ निवडत बसायची तिथे डबलबेड आणि बेडवर टॉवेलचा हंस. ट्रिप ठरवताना बायको अगदी सहज म्हणाली होती, अरे तिथेच बुक करूया की, तुला पण बरं वाटेल. मी म्हटलं रेट फार आहेत, त्यापेक्षा कॅम्परव्हॅन बघू. ५००० जास्त वाटले म्हणून ८००० वाली गाडी घेतली, हिशोब तिच्याही लक्षात आला असणार, पण ती काही बोलली नाही.

मी तरीही त्या मांगरात बघत होतो. म्हणजे कौलांपासून सुरुवात करून, कोपऱ्यातल्या घडवंच्या, घंगाळी, एक बंब, रोवळ्या, दाते झिजलेल्या आदोळ्या, पत्र्याच्या ट्रंका ज्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि 'मु. पो. देवगड' लिहिलेलं असतं, आगबोटीच्या जमान्यातल्या, जेव्हा मुंबईहून येणारी बोट बंदरात बाहेरच उभी राहायची आणि खपाटातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, माणसं-ट्रंका किनाऱ्याला आणायची, रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली त्यानंतर माझ्या पणजीने म्हणे कित्येक वर्षं कुणाला बोटीने जाऊ दिलं नाही, घाटावरून गाडीने जा म्हणायची, तर त्या ट्रंकांवरची नावं मी एकेक करून वाचली. आमचं काही नव्हतं. सिनेमा असता तर निघालं असतं.

एक गोष्ट मात्र होती. कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या माट्या. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, हरणाची फुलं, शेरवडं असं सगळं रानातलं बांधतात, ती माटी. सात होत्या. मी काकांना विचारलं, या कुणी घेतं का.

"माटयेक कोण विचारता? घर मोडला म्हणजे गणपती मुंबैक गेलो. फ्लॅटात माटी खंय टांगतले, फॅनाक?"

आमचा बदलापूरला असतो, चुलतभावाकडे. दीड दिवसाचा, वर थर्माकोलबंदी आल्यापासून कागदाची कमान. पूर्वी पाच दिवसांचा असायचा. आदल्या दिवशी माटीचं सामान आणायला आम्ही पोरं रानात जायचो आणि कवंडळं कुणाच्या वाट्याची जास्त यावरून मारामाऱ्या व्हायच्या, आजी म्हणायची गणपतीक मोजूक येता, कोणी किती आणला ता.

तोवर काकांनी वहीत आमचं गाव काढलं होतं. वाडी काढली. बोटाने ओळी खाली खाली नेत गेले. चार घरं होती आमच्या वाडीतली, आणि ती चारही मला आठवत होती, एकाच्या पेरूवरून मी पडलो होतो.

"तुमचा वहीत नाय. म्हणजे मोडूक नाय."

नाही मोडलं, म्हटलं, होमस्टे आहे.

काकांनी वही मिटली. मला वाटलं आता बरं झालं वगैरे म्हणतील. ते म्हणाले, "मगे माझ्याकडे येवक अजून टायम आसा."

अंधार पडायला आला होता आणि दादा त्या रस्त्यावर रात्री चालवायला तयार नव्हते. काका म्हणाले रवा आज हंयच, खळ्यात लावा. पैसे विचारले तर रागावले. दारं जरा सरकवून व्हॅनला जागा केली, त्याला पाऊण तास लागला कारण प्रत्येक दार कुठे ठेवलं ते परत वहीत लिहायचं होतं. काकू व्हॅन बघायला आल्या. चढल्या, बेडवर हात दाबून बघितला, सिंकचा नळ सोडला, बंद केला, शेगडीकडे बघितलं, टॉयलेटचं दार उघडून पटकन लावून घेतलं आणि उतरताना एवढंच विचारलं, "देव खंय?" बायकोने डॅशबोर्डवरचा दादांचा खंडोबा दाखवला. काकूंना ते पुरेसं वाटलं नसावं, पण रात्री कुळथाची पिठी, भात आणि तळलेला बांगडा पाठवला. आमच्या शेगडीवर मॅगी होणार होती, ती कुणाला आठवलीसुद्धा नाही.

रात्री झोप लागेना. व्हॅनच्या छोट्या खिडकीतून बाहेर चाळीस दारं उभी, चांदणं पडलेलं, वारा आला की एखादी कडी वाजायची आणि मला दर वेळी वाटायचं आता उठून कुणीतरी उघडावं. बायको जागीच होती. म्हणाली, उद्या जाऊन बघून येऊ, राहायचं नाही, नुसतं बाहेरून. मी झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी मी एक कडी-कोयंडा घेतला, लोखंडी, चांगला किलोभराचा, ३०० रुपये. हकीकत ऐकली, मोंडमधल्या एका घराची, सगळी ऐकली, घड्याळ बघितलं नाही. काकांनी वहीत लिहिलं, 'पुणे'. मग माझ्याकडे बघून ते खोडलं आणि आमच्या गावाचं नाव घातलं, आणि कंसात पुणे.

कडी सिंकखालच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि ती दर वळणाला वाजत राहिली. जामसंडे आलं, गेलं. उजवीकडे वळायचं होतं ते वळण माझ्या लक्षात होतं आणि मी काही बोललो नाही, तर बायकोनेच दादांना सांगितलं, दादा, जरा या बाजूला घ्या. रस्ता अरुंद होत गेला, आंब्याला मोहोर आला होता आणि कुठेतरी फवारणी चालू होती, तिचा वास. गडगा नवीन बांधलेला. पिंपळ तोच. घराच्या अलीकडे वीसेक फुटांवर वायर इतकी खाली आली होती की व्हॅन पुढे जाणंच शक्य नव्हतं, मागे वळण, आणि मागून रिक्षा. दादांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला काही न विचारता गाडी सरळ आमच्या खळ्यात घातली, म्हणजे त्यांच्या, आणि मुलगी मागून सुरू झाली, येऊ दे, येऊ दे.

ओटीवरून एक पोरगा उठला, विशीतला, हातात मोबाईल, अंगात होमस्टेचा टीशर्ट. खिडकीपाशी आला.

"बुकिंग आसा?"

"नाय," म्हटलं, "गाडी वळवतंय फक्त."

"वळवा, वळवा," तो म्हणाला, आणि तुळशीला लागू नये म्हणून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.